संगणक नवा झाला, पण हिशेब कुठे गेला?

जुनी डिस्क उघडत नसेल तर काय करावे आणि काय मुळीच करू नये

कापडाच्या धंद्यात माल भिजला, जळाला अथवा चोरीस गेला तर त्याची किंमत ठरविता येते. गिरणीकडून नवे तागे येतात, विमा असेल तर थोडीफार भरपाईही मिळते. परंतु हिशेब गेला तर त्याची किंमत कोण ठरविणार? कोणाकडे किती उधारी, कोणाचे किती देणे, कोणत्या गिऱ्हाइकाच्या खिडकीचे माप काय, हे सर्व पूर्वी लाल कापडात बांधलेल्या वहीत असे. आता ते हाताच्या पंजाएवढ्या एका डबीत असते. या डबीला एक्सटर्नल हार्ड डिस्क म्हणतात. वही भिजली तर पाने वाळवून निदान वाचता तरी येत असत. डबी उघडली नाही तर भला माणूसही हात टेकतो.

हा विषय आजच घेण्याचे कारण असे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, ती अनेक जुन्या संगणकांत नाही. त्यामुळे दुकानोदुकानी कुठे नवे संगणक आले, तर कुठे जुन्यावरच नवी प्रणाली बसविली गेली. या उलथापालथीत ज्यांचा हिशेब अडकला अशा व्यापारी बंधूंच्या तक्रारी आमच्या कानावर वारंवार येत आहेत. तेव्हा आमचा तजुर्बा आणि जाणकारांकडून मिळालेली माहिती येथे एकत्र मांडत आहोत.

आमच्या दुकानातील प्रकरण

खंडाळा-लोणावळ्याच्या हॉटेलांना व बंगल्यांना चादरी, टॉवेल, पडदे पुरविण्याचा आमचा धंदा आहे. सोलापूरचा टॉवेल, इचलकरंजी व भिवंडीचे कापड असा माल येतो. बंगल्यांच्या खिडक्यांची मापे, हॉटेलांची बिले, माल पोचल्याच्या सहीच्या चलनांचे स्कॅन आणि टॅलीचा संपूर्ण हिशेब एका बाहेरच्या डिस्कवर होता. रात्री दुकान बंद करताना ती घरी नेता यावी, अशी व्यवस्था हिशेबनीसाने पूर्वीच करून दिली होती.

संगणकावर विंडोज ११ बसविण्यासाठी एक मिस्त्री आला. डिस्क जोडलेलीच राहिली. जुने विभाग पुसून नवे करताना त्याने आतल्या डिस्कबरोबर या डिस्कचाही विभाग पुसला. नंतर ती रिकामी दिसते म्हणून नव्याने फॉरमॅट केली आणि संगणकातील जुने फोटो तात्पुरते तिच्यावर उतरवू लागला. आमचा भाचा दुकानात आला, त्याने पडद्यावर टॅलीचा फोल्डर शोधला, तो सापडेना. त्याने तत्काळ संगणक थांबवून डिस्क काढून घेतली.

नेमके त्याच आठवड्यात एका हॉटेलचे व्यवस्थापक बदलले होते. तेथे आमचे दोन हंगामांचे पैसे येणे होते. नवे व्यवस्थापक सौजन्याने बोलले, परंतु त्यांचे म्हणणे एकच, ‘बिलवार उतारा आणा, माल पोचल्याच्या सह्या आणा, मगच रक्कम निघेल.’ कागदी चलने निम्मीअधिक खंडाळ्याच्या पावसाने गिळलेली, आणि उतारा त्या डिस्कमध्ये.

पुण्यात माहिती परत मिळवून देणाऱ्या एका तंत्रज्ञाला भाच्याने फोन लावला. तो मुलगा आम्हाला म्हणाला, ‘चाचा, आता ती डिस्क कुठेही जोडू नका. काही दाबू नका, काही तपासू नका. रुमालात गुंडाळून तशीच आणा.’ या एका सल्ल्याने आमचे निम्मे काम झाले, हे पुढे समजले.

गोदाम आणि गोदामाची वही

डिस्कमध्ये नेमके काय होते हे त्या तंत्रज्ञाने आमच्याच भाषेत समजावून दिले. समजा, गोदामात हजार तागे आहेत आणि कोणता तागा कोणत्या घोडीवर आहे ते एका वहीत लिहिले आहे. फाईल पुसली म्हणजे वहीतील नोंदीवर काट मारली गेली. तागा जागेवरच असतो, पण ती जागा आता रिकामी समजली जाते. विभाग पुसला अथवा जलद फॉरमॅट केले म्हणजे जुनी वही बाजूला सारून कोरी वही ठेवली गेली. तरीही तागे जागेवरच. खरे नुकसान होते ते नवा माल येऊन जुन्या ताग्याच्या जागी बसतो तेव्हा. नवी फाईल जेथे लिहिली गेली तेथील जुनी माहिती कायमची गेली, ती कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, डिस्क रिकामी दिसली म्हणजे ती रिकामी असतेच असे नाही. दुसरी, त्यानंतर तिच्यावर होणारे प्रत्येक काम, मग ते साधे फोटो उतरविणे का असेना, जुन्या मालावर नवा माल रचण्यासारखे आहे.

मात्र दोन अपवाद आहेत. पूर्ण फॉरमॅट हा प्रकार वेगळा आहे. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट करताना डिस्कच्या प्रत्येक जागेवर शून्य लिहिले जाते, म्हणजे तागेच जाळले जातात. दुसरा अपवाद एसएसडी या नव्या चिपवाल्या डिस्कचा. तिच्यात ट्रिम नावाची सोय असते. फाईल पुसताच ती जागा मोकळी झाल्याचे डिस्कला कळविले जाते आणि डिस्क स्वतःच ती जागा साफ करून टाकते. एसएसडी वेगवान खरी, पण पुसलेली माहिती तिच्यातून परत मिळण्याची आशा जुन्या फिरत्या डिस्कपेक्षा पुष्कळच कमी.

आमची डिस्क फिरती होती आणि तिचे फॉरमॅट जलद प्रकारचे होते. तंत्रज्ञाने प्रथम तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली, मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि सारे काम नकलेवर केले. टॅलीचा फोल्डर नावासकट पूर्ण आला. चलनांचे स्कॅन बहुतेक आले, परंतु नावाविना, नुसत्या आकड्यांनिशी. ते एकेक उघडून लावण्यात आमच्या घरातील मंडळींच्या आठ रात्री गेल्या. काही स्कॅन फाटक्या चित्रासारखे अर्धे आले. जेथे नवे फोटो बसले होते, तेथील काही बंगल्यांची मापे आलीच नाहीत, ती पुन्हा जाऊन घ्यावी लागली.

उरलेल्या बिलांचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. आम्ही जीएसटीच्या जीएसटीआर-१ पत्रकात भरलेली बिले त्या हॉटेलच्या जीएसटीआर-२बी या पत्रकात दिसतच होती, आणि त्यांवरील कराचा परतावा हॉटेलने घेतलेलाही होता. त्यांच्या हिशेबनिसाने स्वतःच ते मान्य केले. किरकोळ फरक वगळता रक्कम निघाली.

हरवलेले दिसते, पण हरवलेले नसते

प्रत्येक वेळी पुण्या-मुंबईस धावण्याची गरज नाही. पुष्कळदा माहिती जागेवर असते, फक्त दिसत नाही. त्याची नेहमीची कारणे अशी :

१) अक्षर बदलणे. जुन्या संगणकावर डिस्क ‘ई’ होती, नव्यावर ‘एफ’ झाली. टॅली जुन्याच पत्त्यावर शोधते आणि कंपनी सापडत नाही म्हणते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुने अक्षर परत दिले किंवा टॅलीला नवा पत्ता दाखविला की काम होते. टॅलीत प्रत्येक कंपनीचा फोल्डर पाच-सहा आकडी क्रमांकाचा असतो. नाव शोधून तो मिळणार नाही, क्रमांक लिहून ठेवावा.

२) वीज कमी पडणे. लांब केबल, जुना हब किंवा संगणकाच्या पुढच्या बाजूचे भोक, यांमुळे डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही. दुसरी केबल लावून मागच्या भोकात जोडून पाहावे.

३) फाँट नसणे. आपल्या बांधवांत ही तक्रार फार आढळते. उर्दू मजकूर इनपेजमध्ये आणि मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. नव्या संगणकावर ते बसविलेले नसतात, म्हणून मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि इनपेजची फाईल उघडतच नाही. लोक समजतात फाईल खराब झाली. फाईल शाबूत असते. जुने सॉफ्टवेअर व फाँट बसविले की लग्नपत्रिकेपासून दरपत्रकापर्यंत सर्व पूर्ववत दिसते.

४) जुनी प्रणाली बाजूला ठेवलेली असणे. विंडोज पुसून न बसविता जुन्यावरच चढविली असेल तर संगणकाच्या ‘सी’ विभागात विंडोज.ओल्ड नावाचा फोल्डर राहतो. साधारणपणे दहा दिवसांनी तो आपोआप साफ होतो. डेस्कटॉपवरील काही सापडत नसेल तर त्या मुदतीत तेथे अवश्य पाहावे.

मोठ्या कंपन्यांच्या प्रणालीही चुकल्या आहेत

असे प्रकार केवळ आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीकडूनच होतात असे कोणी समजू नये. २००३ साली ॲपल कंपनीची पँथर ही प्रणाली आली तेव्हा फायरवायर ८०० प्रकारच्या काही बाहेरच्या डिस्कवरील माहिती नाहीशी झाली आणि त्या डिस्क तूर्त जोडू नका असे कंपनीला सांगावे लागले. २०१३ साली मॅव्हरिक्स प्रणालीच्या वेळी वेस्टर्न डिजिटल कंपनीने आपल्याच डिस्कसोबत दिलेले सॉफ्टवेअर आधी काढून टाका, अशी सूचना ग्राहकांना दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नवी आवृत्ती काढली. तिने काही लोकांच्या फाईली पुसल्या, म्हणून थोड्याच दिवसांत ती थांबविण्यात आली व दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबर रोजी परत आली. आणि मे २०१९ च्या आवृत्तीच्या वेळी तर ज्या संगणकाला बाहेरची यूएसबी डिस्क किंवा मेमरी कार्ड जोडलेले असेल त्यावर नवी आवृत्ती बसूच नये, अशी तजवीज मायक्रोसॉफ्टनेच केली. कारण हेच की, डिस्कची अक्षरे अदलाबदल होत होती. ज्यांनी प्रणाली घडविली त्यांनीच डिस्क काढून ठेवण्यास सांगितले असेल तर आपण ती जोडलेली का ठेवावी?

नुकसान झाल्यास हे करावे

पडद्यावर ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश आला तर होय म्हणू नये. डिस्क ‘इनिशियलाइज’ करा असे विचारले तर तेही करू नये. दुरुस्तीची चेकडिस्क ही आज्ञा नक्कल घेण्यापूर्वी चालवू नये, ती दुरुस्तीच्या नावाखाली जुन्या नोंदी बदलून टाकते.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर तिची वीज ताबडतोब बंद करावी. आत चकती वेगाने फिरते आणि वाचणारी सुई तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. सुई टेकली तर चकती खरवडली जाते. अशी डिस्क दुकानात उघडू नये. ते काम धूळरहित खोलीतच होते. डिस्क तांदळात ठेवणे, फ्रिजमध्ये ठेवणे, आपटून पाहणे हे सर्व टाळावे.

बाहेरची डबी फोडून आतली डिस्क थेट जोडण्याचा सल्ला अनेकजण देतात. काही कंपन्यांच्या डबीतील पट्टीच माहितीला कुलूप लावत असते. ती पट्टी काढली की आतली डिस्क वाचताच येत नाही. म्हणून डबी व पट्टी फेकून देऊ नये.

डिस्कचा आवाज ठीक असेल आणि घरात जाणकार मुलगा असेल तर टेस्टडिस्क व फोटोरेक ही मोफत साधने आहेत. पहिले पुसलेला विभाग परत उभा करते, त्यामुळे फोल्डर व नावे राहतात. दुसरे एकेक फाईल तिच्या ठेवणीवरून ओळखून काढते, पण नावे देत नाही. टॅलीचा हिशेब अनेक फाईलींच्या फोल्डरात असल्यामुळे त्यासाठी पहिला मार्ग आधी पाहावा. नियम एकच, मिळालेली माहिती त्याच डिस्कवर कधीही उतरवू नये, दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. थोडी जरी शंका असेल तर हात लावू नये. एकदा बिघडविलेले काम मोठ्या प्रयोगशाळेतही सुधारत नाही.

कारागिराकडे देताना चार प्रश्न विचारावेत. काम मूळ डिस्कवर करणार की नकलेवर? पैसे देण्यापूर्वी मिळालेल्या फाईलींची यादी दाखविणार का? काहीच मिळाले नाही तर आकार किती? आणि आमची नक्कल काम झाल्यावर पुसणार का? उत्तरे लेखी घ्यावीत. डिस्कमध्ये आपल्या गिऱ्हाइकांचेही व्यवहार असतात.

डिस्क खरोखरच मेली तर हातपाय गाळू नयेत. विक्रीची बिले जीएसटीच्या संकेतस्थळावर, खरेदीची बिले आपल्या २बी पत्रकात, रकमा बँकेच्या उताऱ्यात, टॅलीची एखादी जुनी प्रत सीएच्या कार्यालयात आणि बाकीचा ताळा गिरणीच्या खातेउताऱ्यात मिळतो. मेहनत आहे, पण हिशेब बऱ्याच अंशी पुन्हा उभा राहतो. किरकोळ रोखीची उधारी मात्र कोठेच मिळत नाही.

कायदा काय म्हणतो

अनेक बंधूंना वाटते की, संगणक बिघडला ही सबब अधिकाऱ्यापुढे चालेल. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक पत्रक भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. जीएसटी नियमांतील नियम ५७ असे सांगतो की, संगणकावरील नोंदींची योग्य दुसरी प्रत ठेवली पाहिजे, जेणेकरून अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी मुदतीत परत उभ्या करता येतील. म्हणजे दुसरी प्रत ही आता केवळ एहतियात नाही, ती व्यापाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे.

विजेने गेलेली आणि विजेने वाचलेली

आमच्या घाटाखाली, न्हावा-शेवा बंदरात २०१७ साली काय घडले ते आपल्यापैकी निर्यातदारांना आठवत असेल. २७ जून रोजी नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले आणि तिच्या गटाकडील येथील टर्मिनलचे कामही ठप्प झाले. हा विषाणू पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून. मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले. परंतु कंपनीच्या जाळ्याचा मुख्य नकाशा ज्या सर्व्हरवर असतो ते सर्व पुसले गेले होते, एक सोडून. तो आफ्रिकेतील घाना देशात होता आणि हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता. ती डिस्क माणसाच्या हाती इंग्लंडला नेण्यात आली.

यातून आपण घ्यायचा धडा सोपा आहे. सतत जोडलेली दुसरी प्रत ही दुसरी प्रत नव्हे. जो रोग संगणकाला लागेल तो तिलाही लागेल. प्रत घ्यावी, डिस्क काढावी, कपाटात ठेवावी.

पुढच्या वेळी

प्रणाली बदलण्यापूर्वी एक दिवस राखून ठेवावा. टॅलीचा बॅकअप घ्यावा, तो दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावा, शेवटची शिल्लक कागदावर लिहून जुळवावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला तागा. मिस्त्री येण्यापूर्वी सर्व बाहेरच्या डिस्क व पेनड्राइव्ह काढून कुलपात ठेवावेत. नव्या विंडोज ११ मध्ये संगणकाच्या आतल्या डिस्कला आपोआप कुलूप लागू शकते. त्याची ४८ आकडी किल्ली कोणाच्या खात्यात आहे ते विचारून, लिहून घ्यावी. मिस्त्रीने स्वतःच्या खात्यावरून संगणक चालू केला असेल तर किल्ली त्याच्याकडे राहते. काम चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस असावा, विशेषतः आमच्यासारख्या पावसाळी गावात.

जाणकार सांगतात की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत दुकानाबाहेर. एक संगणकात, एक डिस्कवर, एक घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. पावसाळ्यात खंडाळ्याकडे कपाटातील कापडालाही बुरशी धरते. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी. भरतकामाच्या यंत्रावरील नक्ष्या, यंत्रमागाच्या जॅकार्डची डिझाइने, शिलाईची मापे ज्यांच्याकडे आहेत त्या कारागीर बांधवांनी तर हे अधिकच कटाक्षाने करावे. त्यांची मेहनत कोणत्याही सरकारी संकेतस्थळावर नोंदलेली नसते.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफच्या सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपण सर्वजण जाणतो. लिहिणे जसे कर्तव्य तसेच लिहिलेले जपणे हेही कर्तव्यच. त्यात आपले घेणे असते तसे दुसऱ्याचे देणेही असते, आणि ते अमानत आहे. तेव्हा हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती शेवटची कधी उघडली होती, एवढे दुकानात विचारून घ्यावे.